विलंबित इजा आणि मुदतीचा कायदा : विषारी औद्योगिक रसायनांच्या संपर्कानंतरचे आरोग्यधोके व उपलब्ध कायदेशीर मार्ग

सारांश

विषारी औद्योगिक रसायनांच्या संपर्काचे काही परिणाम मिनिटांत दिसतात, तर काही परिणाम दिसण्यास वीस ते चाळीस वर्षे लागतात. नुकसानभरपाईचे कायदे मात्र दोन, तीन किंवा पाच वर्षांच्या मुदतीत मागणी करण्याची अपेक्षा ठेवतात. रोगाचा काळ आणि कायद्याचा काळ यांतील ही तफावत बाधित व्यक्तीच्या हक्कासमोरील सर्वांत मोठा अडथळा आहे. प्रस्तुत लेखात आरोग्यधोक्यांचे स्वरूप, कामगार व रहिवासी यांना उपलब्ध असलेले स्वतंत्र कायदेशीर मार्ग आणि त्या प्रत्येकाची मुदत यांचा आढावा घेतला आहे. संपर्काच्या पहिल्या दिवसापासून ठेवलेली नोंद हाच ही तफावत भरून काढण्याचा व्यवहार्य उपाय आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : विषारी रसायने, व्यावसायिक रोग, पूर्ण दायित्व, मुदत, आरोग्यनोंद.

१. विषयप्रवेश

डोंबिवलीच्या औद्योगिक क्षेत्रात २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. दोन्ही वेळी जीवितहानी झाली आणि आसपासच्या वस्त्यांतील घरांच्या काचा फुटल्या. अशा घटनांनंतर मृतांची व जखमींची गणती होते, मदत जाहीर होते, चौकशी समिती नेमली जाते. परंतु त्या दिवशी धूर श्वासात घेऊन घरी परतलेल्या आणि कोणत्याही यादीत नाव नसलेल्या व्यक्तीचे पुढे काय होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ज्यांच्या बाबतीत स्फोटही होत नाही आणि बातमीही होत नाही, परंतु जे वर्षानुवर्षे रसायनांच्या वाफेत आठ-आठ, बारा-बारा तास काम करतात, त्यांचा प्रश्न तर याहूनही दुर्लक्षित आहे.

इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली व्यावसायिक रोगांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. रुग्णाला विचारावयाच्या परंपरागत प्रश्नांत 'तुझा व्यवसाय कोणता?' या प्रश्नाची भर घालावी, असे त्यांनी त्यात सुचविले. आज तीनशेहून अधिक वर्षांनंतरही आपल्याकडील रुग्णालयाच्या केसपेपरवर रुग्णाचे नाव, वय व पत्ता असतो. तो कोणत्या खात्यात, कोणत्या रसायनावर आणि किती वर्षे काम करीत होता याची नोंद मात्र क्वचितच आढळते. ही उणीव प्रथमदर्शनी केवळ वैद्यकीय वाटते, परंतु पुढे न्यायालयात तिचीच किंमत मोजावी लागते.

२. आरोग्यधोक्यांचे स्वरूप

रसायनाचा परिणाम चार गोष्टींवर अवलंबून असतो : पदार्थ कोणता, शरीरात प्रवेश कोणत्या मार्गाने झाला, मात्रा किती होती आणि संपर्क किती काळ टिकला. श्वास, त्वचा आणि अन्नपाणी हे प्रवेशाचे तीन मुख्य मार्ग होत. परिणामांचे कालदृष्ट्या तीन प्रकार करता येतात.

(अ) तात्काळ परिणाम : क्लोरीन, अमोनिया, मिथिल आयसोसायनेट यांसारखे वायू डोळे, घसा व फुप्फुसे यांचा प्रथम दाह करतात. अधिक मात्रेत फुप्फुसांत पाणी साचून मृत्यू ओढवतो. वासावरून धोका ओळखता येतो, हा समज येथे घातक ठरतो. हायड्रोजन सल्फाइडचा वास कुजक्या अंड्यासारखा असतो हे सर्वश्रुत आहे. परंतु हवेतील त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत शंभर भागांच्या आसपास पोहोचताच घ्राणशक्तीच बधिर होते. वास नाहीसा झाला म्हणून वायू गेला, असे समजून टाकीत उतरलेला कामगार परत येत नाही.

(आ) काही तासांनी दिसणारे परिणाम : फॉस्जीन आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांच्या बाबतीत सुरुवातीचा त्रास सौम्य असू शकतो आणि रुग्णाला बरे वाटू लागते. त्यानंतर काही तासांनी, कधीकधी एक-दोन दिवसांनी, फुप्फुसांत पाणी साचते. त्यामुळे 'त्रास थांबला' एवढ्यावरून रुग्णाला लगेच घरी पाठविणे धोक्याचे असते.

(इ) वर्षांनी दिसणारे परिणाम : बेन्झिनचा दीर्घ संपर्क अस्थिमज्जेवर आघात करतो, त्यातून रक्तपेशींची निर्मिती घटते आणि रक्ताचा कर्करोग उद्भवू शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेन्झिनचा समावेश मानवात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे. अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे फुप्फुसांच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग सामान्यतः संपर्कानंतर वीस ते चाळीस वर्षांनी प्रकट होतो. शिसे रक्तातून काही आठवड्यांत कमी होते, पण हाडांत दशकानुदशके साठून राहते.

शेवटच्या प्रकारातील रोगाचा आरंभ आणि त्याचे निदान यांच्यामध्ये माणसाच्या आयुष्याचा मोठा भाग निघून जातो. त्या काळात कारखाना बंद पडतो, मालकी बदलते, ठेकेदार बदलतो, हजेरीपट नष्ट होतो आणि सोबत काम केलेले लोक गावोगावी पांगतात. धुळीमुळे जडलेला फुप्फुसाचा आजार क्षयरोग समजून त्यावर महिनोन्महिने उपचार होत राहतात, हेही आपल्याकडे वारंवार घडते.

३. पहिले दोन दिवस : उपचार आणि पुरावा

वायुगळतीच्या वेळी वाऱ्याच्या आडव्या किंवा विरुद्ध दिशेने दूर जाणे, भिजलेले वा माखलेले कपडे ताबडतोब उतरविणे आणि त्वचा व डोळे भरपूर स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुणे, हे प्राथमिक उपचार होत. पुढील उपचार पदार्थाच्या ओळखीवर अवलंबून असतात. म्हणून डॉक्टरांना 'गॅस लागला' एवढेच न सांगता रसायनाचे नाव सांगणे अत्यावश्यक आहे. हे नाव मिळविण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. घातक रसायनांची निर्मिती, साठवण व आयात नियम, १९८९ यांनुसार घातक रसायनासाठी सुरक्षा माहितीपत्रक तयार ठेवणे बंधनकारक आहे.

याच काळात शरीरातील पुरावाही उपलब्ध असतो आणि तो झपाट्याने नाहीसा होतो. बेन्झिनपासून शरीरात तयार होणारी म्युकॉनिक आम्लासारखी द्रव्ये लघवीवाटे साधारण एक-दोन दिवसांत बाहेर पडतात. स्टायरिनच्या बाबतीत मॅन्डेलिक आम्लाची तपासणी अशीच तातडीने करावी लागते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या विषबाधेत रक्तातील कोलिनेस्टरेज या विकराची पातळी मोजली जाते. हे नमुने वेळेत घेतले गेले नाहीत तर पुढे कोणताही तज्ज्ञ ती उणीव भरून काढू शकत नाही. तद्वतच छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसांच्या कार्यक्षमतेची चाचणी संपर्कानंतर लवकर करून घेतल्यास पुढील प्रत्येक वर्षीच्या अहवालाची तुलना करण्यास एक आधाररेषा मिळते. एकच तपासणी रुग्णाच्या उपचारासाठीही उपयोगी पडते आणि त्याच्या हक्कासाठीही.

४. भोपाळ : विलंबित इजेचा न संपलेला हिशेब

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडच्या कारखान्यातून सुमारे चाळीस टन मिथिल आयसोसायनेट वायू बाहेर पडला. संसदेने १९८५ मध्ये विशेष कायदा करून पीडितांच्या वतीने दावे चालविण्याचा अधिकार केंद्र शासनाकडे घेतला. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ४७ कोटी अमेरिकी डॉलर इतक्या रकमेवर तडजोड झाली. पुढे दावे मान्य झालेल्यांची संख्या पाच लाखांच्या पुढे गेली आणि त्यांतील बहुसंख्यांची इजा 'किरकोळ' या वर्गात मोडली गेली.

या प्रकरणातील एक बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. तडजोडीच्या पुनर्विलोकनाचा निर्णय ३ ऑक्टोबर १९९१ रोजी देताना सर्वोच्च न्यायालयाने विलंबित इजेचा प्रश्न ओळखला होता. वायूच्या संपर्कात आलेल्या, परंतु तोवर कोणतीही लक्षणे न दिसलेल्या सुमारे एक लाख व्यक्तींना भविष्यात आजार जडू शकतात, हे लक्षात घेऊन त्यांच्यासाठी वैद्यकीय गटविमा उतरविण्याचे निर्देश न्यायालयाने केंद्र शासनास दिले. हा विमा कधीच उतरविला गेला नाही. केंद्र शासनाने वाढीव भरपाईसाठी २०१० साली दाखल केलेली उपचारात्मक याचिका १४ मार्च २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने फेटाळली. त्या वेळी विमा न उतरविण्यातील शासनाच्या हलगर्जीपणावरही पीठाने बोट ठेवले. भविष्यातील आजारांची तरतूद कागदावर झाली होती; ती अमलात आली नाही आणि तीन दशकांनंतर तडजोडीचे दार पुन्हा उघडता आले नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने वायुपीडितांचे दीर्घकालीन अभ्यास १९८५ मध्ये हाती घेतले, ते १९९४ मध्ये थांबविले गेले. पुढे २०१० मध्ये भोपाळ येथे राष्ट्रीय पर्यावरणीय आरोग्य संशोधन संस्था स्थापन झाली. दीर्घ काळाने दिसणाऱ्या आजारांच्या बाबतीत मधल्या वर्षांतील नोंदींचा खंड केवळ संशोधनाचे नुकसान करीत नाही, तो पीडिताच्या हातातील पुरावाही काढून घेतो.

५. उपलब्ध कायदेशीर मार्ग

कोणता मार्ग खुला आहे हे बाधित व्यक्ती कामगार आहे की रहिवासी, यावर प्रथम ठरते. ही विभागणी न कळल्यामुळे अनेक अर्ज चुकीच्या दारी जातात आणि त्यात मुदत संपून जाते.

५.१ कामगार

कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक रोगांची यादी होती. तिच्या 'ब' भागात पारा, क्रोमियम, बेन्झिन आदींमुळे होणारे रोग होते. अशा कामात सलग सहा महिने नोकरी झाली असून संबंधित रोग जडला, तर तो कामामुळेच झाला असे कायदा गृहीत धरीत असे. तो तसा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येई. कलम १२ अन्वये ठेकेदाराच्या कामगारालाही मूळ मालकाकडून भरपाई मागता येत असे. कंत्राटी कामगारांच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची होती.

कर्मचारी राज्य विमा योजनेखालील विमाधारक कामगाराला व्यावसायिक रोगासाठी त्या योजनेतून लाभ मिळतो. मात्र १९४८ च्या त्या अधिनियमाच्या कलम ५३ नुसार त्याच इजेसाठी मालकाकडून अन्य कायद्याखाली भरपाई मागण्यास प्रतिबंध होता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र शासनाने चारही श्रमसंहिता अमलात आणल्या. वरील दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आणि कारखाने अधिनियम, १९४८ हा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये विलीन झाला. व्यावसायिक रोगांची अनुसूची नव्या संहितेतही आहे. तथापि निरसित कायद्याखाली आधीच उत्पन्न झालेले हक्क सामान्यतः नष्ट होत नाहीत, हे सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम ६ मधील तत्त्व आहे. ज्याचा संपर्क व आजार दोन्ही जुन्या काळातील आहेत, त्याच्यासाठी जुन्या तरतुदी आजही अभ्यसनीय ठरतात, त्या याच कारणाने.

५.२ परिसरातील रहिवासी

दिल्लीतील श्रीराम कारखान्यातून ४ डिसेंबर १९८५ रोजी ओलियम वायूची गळती झाली. त्या प्रकरणात (एम. सी. मेहता विरुद्ध भारत संघ) २० डिसेंबर १९८६ रोजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या घटनापीठाने पूर्ण दायित्वाचे तत्त्व मांडले. घातक स्वरूपाचा उद्योग चालविणाऱ्याने कितीही काळजी घेतली असली तरी त्या कार्यातून झालेल्या हानीस तो जबाबदार राहील आणि १८६८ च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या इंग्रजी निर्णयातील अपवाद त्याला उपलब्ध होणार नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. राजस्थानातील बिछडी गावाच्या भूजलाचे रासायनिक कारखान्यांनी केलेले प्रदूषण हा हळूहळू होणाऱ्या हानीचा प्रकार होता. त्या प्रकरणातही १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व लागू केले आणि प्रदूषकाने किंमत मोजावी, या तत्त्वाची त्यास जोड दिली. तेव्हा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे पीडितावर राहिले नाही; संपर्क आणि इजा यांतील कार्यकारणसंबंध दाखविण्याचे ओझे मात्र राहिले.

या तत्त्वाच्या पार्श्वभूमीवर दोन विधिबद्ध मार्ग निर्माण झाले.

पहिला मार्ग सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, १९९१ चा. घातक पदार्थ हाताळताना झालेल्या अपघाताने बाधित झालेल्या, कामगाराखेरीज अन्य व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून तातडीचे साहाय्य मागता येते. येथे कोणाचाही दोष दाखवावा लागत नाही. हे साहाय्य अंतिम भरपाई नसून तिच्यापूर्वीचा आधार आहे. अधिक भरपाई मागण्याचा हक्क त्याने संपत नाही.

दुसरा मार्ग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० चा. कलम १५ खाली प्रदूषणाने पीडित व्यक्तीला भरपाई मागता येते. महाराष्ट्र, गुजरात व गोवा यांसाठीचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. विशाखापट्टणम येथील एलजी पॉलिमर्सच्या कारखान्यातून ७ मे २०२० रोजी पहाटे स्टायरिनची वाफ पसरली. न्यायाधिकरणाने दुसऱ्याच दिवशी स्वतःहून दखल घेऊन कंपनीस ५० कोटी रुपये प्राथमिक रक्कम म्हणून जमा करण्याचा आदेश दिला. अशी स्वतःहून दखल घेण्याचा न्यायाधिकरणाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबई महानगरपालिकेशी संबंधित अंकिता सिन्हा प्रकरणात मान्य केला. कलम १७ ची भाषा 'कामगाराखेरीज अन्य व्यक्ती' अशी असली तरी गुजरातमधील दहेज येथील ३ जून २०२० च्या दुर्घटनेत न्यायाधिकरणाने मृत कामगारांच्या कुटुंबीयांसाठीही भरपाईचे निर्देश दिले होते.

५.३ दिवाणी दावा, रिट व फौजदारी कार्यवाही

अपकृत्याच्या कायद्याखाली दिवाणी न्यायालयात दावा लावता येतो आणि अनेकांचे हितसंबंध समान असल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १, नियम ८ अन्वये काहींनी सर्वांच्या वतीने तो चालविता येतो. मात्र जी भरपाई हरित न्यायाधिकरण देऊ शकते, तिच्याबाबत दिवाणी न्यायालयाची अधिकारिता कलम २९ ने वगळली आहे, हे दावा लावण्यापूर्वी तपासावे लागते. शासकीय यंत्रणेने कर्तव्यात कसूर केली असल्यास उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडविणे (कलम १०६) आणि विषारी पदार्थाबाबत निष्काळजी वर्तन (कलम २८६) हे गुन्हे आहेत. फौजदारी खटल्याने शिक्षा होऊ शकते. त्यावर भरपाईसाठी विसंबून राहणे मात्र योग्य नाही. भोपाळच्या फौजदारी खटल्याचा निकाल घटनेनंतर साडेपंचवीस वर्षांनी, ७ जून २०१० रोजी लागला.

६. मुदतीची अडचण

वरील मार्गांच्या मुदती एकत्र पाहिल्यास समस्येचे गांभीर्य ध्यानी येते.

सार्वजनिक दायित्व विमा अधिनियमाखालील अर्ज अपघातापासून पाच वर्षांत करावा लागतो. हरित न्यायाधिकरणाकडील भरपाईच्या अर्जाची मुदतही पाच वर्षांचीच आहे. ती भरपाईचे कारण 'प्रथम' उद्भवले त्या दिवसापासून मोजली जाते आणि पुरेशा कारणास्तव फक्त साठ दिवसांनी वाढविता येते. यातील 'प्रथम' हा शब्द निर्णायक आहे. वायू श्वासात गेला तो दिवस प्रथम मानावयाचा, की निदान झाले तो? पहिला अर्थ स्वीकारल्यास आठव्या वर्षी निदान झालेल्या रुग्णाचा अर्ज दाखल होण्यापूर्वीच बाद होतो.

१९२३ च्या अधिनियमात मागणीची सर्वसाधारण मुदत दोन वर्षांची होती. नोकरी सुटल्यानंतर रोगाची लक्षणे दिसली तर ती नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत दिसलेली असावीत, अशी कलम १० मध्ये अपेक्षा होती. पुरेसे कारण असल्यास आयुक्त विलंब माफ करू शकत. पण ज्या रोगाला प्रकट होण्यास वीस वर्षे लागतात, त्याला दोन वर्षांत लक्षणे दाखविण्याची अट घालणे म्हणजे त्या रोगाला व्यवहारात यादीबाहेर ठेवणेच होय.

दिवाणी दाव्याच्या बाबतीत मुदतीचा कायदा, १९६३ काहीसा उदार आहे. सर्वसाधारण अवशिष्ट मुदत तीन वर्षांची आहे. मात्र प्रत्यक्ष विशिष्ट इजा झाल्याशिवाय ज्या कृत्याबद्दल दावाच लावता येत नाही, त्या कृत्याबाबत मुदत इजा झाल्यापासून मोजावी, असे कलम २३ सांगते. अपकृत्य चालूच असेल तर कलम २२ नुसार प्रत्येक क्षणी नवी मुदत सुरू होते. विलंबित रोगाच्या दाव्यात युक्तिवादाचा मुख्य आधार या दोन कलमांत सापडू शकतो. परंतु इजा केव्हा झाली हे सांगण्यासाठीही तारखा लागतात, आणि तारखा फक्त नोंदींत असतात.

७. नोंद हाच पूल

कार्यकारणसंबंध सिद्ध करताना दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. अमुक रसायनाने अमुक रोग होऊ शकतो काय, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर विज्ञान देते. या व्यक्तीला तो त्याच रसायनाने झाला काय, हा दुसरा. त्याचे उत्तर केवळ तिच्या स्वतःच्या कागदपत्रांतून मिळते. तज्ज्ञाचे मत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ खाली ग्राह्य आहे, पण कागद नसेल तर तज्ज्ञाने मत द्यावयाचे तरी कशावर?

हे ओळखूनच सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात (कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत संघ) २७ जानेवारी १९९५ रोजी महत्त्वाचे निर्देश दिले. कामगाराचा आरोग्याचा हक्क अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात अंतर्भूत आहे, असे सांगून न्यायालयाने प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर वा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जतन करण्याचा आदेश दिला. विज्ञानाने सांगितलेला सुप्तकाळ आणि कायद्याने ठरविलेला काळ यांची सांगड घालणारा असा दुसरा आदेश आपल्याकडे क्वचितच आढळेल.

कारखाने अधिनियमात १९८७ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम ४१-क च्या प्रकरणानेही घातक प्रक्रियेतील कामगारांच्या आरोग्यनोंदी ठेवणे, त्या कामगाराला पाहू देणे आणि धोक्यांची माहिती उघड करणे ही कर्तव्ये मालकावर टाकली होती. ती नव्या संहितेतही आहेत. नियुक्तिपत्र देणे हे आता त्या संहितेनुसार मालकाचे कर्तव्य आहे. ज्या कंत्राटी कामगाराजवळ आपण त्या कारखान्यात होतो याचाच पुरावा नसतो, त्याच्यासाठी हा कागद भरपाईची पहिली पायरी आहे.

मालकाने ठेवावयाची नोंद मालकाच्या ताब्यात असते. म्हणून बाधित व्यक्तीने स्वतःचे दप्तरही राखले पाहिजे. त्यात पुढील कागद असावेत :

१) नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठ्या, गेटपास, विमा ओळखपत्र, हे नसल्यास सहकाऱ्यांची नावे व कामाचे कालखंड.
२) हाताळलेल्या रसायनांची नावे, खाते आणि रोजचे तास.
३) केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, तपासणी अहवाल व एक्स-रे. केसपेपरवर व्यवसाय व रसायनाचे नाव लिहून घेण्याचा आग्रह धरावा.
४) घटना घडली असल्यास पंचनाम्याची व प्राथमिक माहिती अहवालाची प्रत आणि तक्रारींच्या पोचपावत्या.
५) माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ व औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालय यांच्याकडून मिळविलेले संमतिपत्र, तपासणी अहवाल व नोटिसा.

हे दप्तर सांभाळण्यास खर्च फारसा येत नाही. वकिलाच्या खर्चाची चिंताही काही अंशी कमी होऊ शकते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ अन्वये औद्योगिक आपत्तीचा बळी ठरलेली व्यक्ती तसेच औद्योगिक कामगार मोफत विधी सेवेस पात्र आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे एका अर्जाने सुरुवात करता येते.

८. महाविद्यालयांची भूमिका

औद्योगिक पट्ट्यातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे पालक त्याच पट्ट्यात कंत्राटी काम करतात. रसायनशास्त्र विभाग सुरक्षा माहितीपत्रक मराठीत समजावून देऊ शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी कुटुंबांना वर उल्लेखिलेले दप्तर लावण्यास साहाय्य करू शकतात. विधी महाविद्यालयाची साहाय्य केंद्रे मुदतींचे मार्गदर्शन करू शकतात. आपल्या प्रयोगशाळांतील साहाय्यक व परिचर हेही वर्षानुवर्षे द्रावकांच्या वाफेत वावरतात. त्यांची आरोग्यनोंद आपण ठेवतो काय, हा प्रश्न प्रथम आपण स्वतःलाच विचारावयास हवा.

९. निष्कर्ष

पूर्ण दायित्वाचे तत्त्व स्वीकारून भारतीय न्यायव्यवस्थेने घातक उद्योगांच्या बळींना मोठा आधार दिला आहे. परंतु दायित्व कितीही पूर्ण असले तरी मुदत संपली किंवा संपर्क सिद्ध झाला नाही, तर ते निरुपयोगी ठरते. विलंबित रोगांसाठी मुदत निदानाच्या दिवसापासून मोजण्याची स्पष्ट तरतूद सर्व संबंधित कायद्यांत व्हावी, घटनेच्या वेळी संपर्कात आलेल्या सर्वांची नोंदवही जिल्हा प्रशासनाने ठेवावी आणि ४० वर्षांच्या आरोग्यनोंदीचा १९९५ चा आदेश प्रत्येक घातक रसायनाच्या बाबतीत पाळला जावा, या तीन सुधारणा आवश्यक वाटतात. त्या होईपर्यंत बाधित व्यक्तीच्या हाती उरतो तो तिने स्वतः जपून ठेवलेला कागद. रोग आपल्या गतीने येतो. तो येईल तेव्हा त्याची सुरुवात कोठे झाली हे सांगणारी एक तारीख तरी लिहिलेली असावी, एवढी दक्षता आज घेता येण्यासारखी आहे.